न धरलेला बहार

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात शैलाचा फोन येतो. शैला माझी धाकटी बहीण, तिसगावला दिलेली. तिथं त्यांची डाळिंबाची बाग आहे. ती फोनवर हॅलो म्हणत नाही, कशी आहेस विचारत नाही. "आक्का, पाणी तोडलं," एवढं सांगते आणि लगेच दुसऱ्याच विषयावर जाते. यंदाही फोन आला. मी डायरीत तारखेसमोर लिहिलं, 'शैला – पाणी तोडलं', आणि त्याखाली दिवसाची कामं लिहिली. गव्हाला ऊन देणे, माठाची तोटी बदलणे, पंखे पुसणे. त्यातलं एकही काम झालं नाही. यादी समोर ठेवून मी नुसती बसून राहिले, आणि माझ्यासारख्या बाईच्या बाबतीत हे फारच झालं.

डाळिंबाचं झाड वर्षातून तीन वेळा फुलू शकतं. पावसाच्या तोंडाशी मृग बहार, पाऊस सरताना हस्त बहार आणि थंडीत आंबे बहार. तिन्ही धरले तर एकही नीट येत नाही, म्हणून माणसानं एक निवडायचा. निवडायची रीत अशी की पाणी तोडायचं. महिना-सव्वा महिना झाड तहानलेलं ठेवायचं, पानं पिवळी पडून गळू द्यायची, मग छाटणी करून पाणी सोडायचं की झाड फुलांवर येतं. याला ताण देणं म्हणतात. हे सगळं मी आता सांगू शकते. चार उन्हाळ्यांपूर्वी मला यातलं काही माहीत नव्हतं.

त्या उन्हाळ्यात शैलाचं पिशवीचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी सहा आठवडे भरलेली कळशीसुद्धा उचलायची नाही म्हणून बजावलं. मी साठलेली रजा काढली आणि बॅग भरली. नगरहून तिसगाव काही लांब नाही, करंजीचा घाट ओलांडला की आलंच. एसटीच्या पाटीवर हल्ली अहिल्यानगर लिहिलेलं असतं आणि कंडक्टर अजून नगर, नगर असं ओरडतो. दोन्ही गावं एकाच स्टँडवर उतरतात, कुणाचं काही अडत नाही.

माझी नोकरी एका कॉलेजच्या भांडारात. खुर्च्या, परीक्षानळ्या, कुलपं, सतरंज्या, सगळं माझ्या ताब्यात. वर्षातून एकदा प्रत्येक वस्तू जागेवर आहे का बघायचं आणि रजिस्टरवर सही करायची. अशा बाईनं बहिणीचं घर चालवायला घेतलं तर काय होईल ते झालं. पहिल्याच दिवशी मी सगळ्या डब्यांना चिठ्ठ्या चिकटवल्या आणि फ्रिजवर वेळापत्रक लावलं.

"आक्का, डबा उघडला की दिसतंच की आत काय हाय ते," शैला खाटेवरून म्हणाली.

"मला उघडायला लागू नये म्हणून."

"मग हळदीच्या डब्यावर मोहरी का लिवलंय?"

मी उठून चिठ्ठी बदलली. तेवढ्यात शैलाचे यजमान अशोकराव आत आले, टोपी काढून फ्रिजसमोर उभे राहिले आणि मोठ्यानं वाचू लागले. "सहा वाजता चहा. सहा दहाला गायीची धार." मग माझ्याकडे वळून अगदी गंभीरपणे म्हणाले, "आक्का, गायीला कळवलंय का हे?"

शैला हसली आणि टाके दुखले म्हणून कळवळली. "हसवू नका मला!" म्हणत पुन्हा हसली. मला ते हसणं ऐकून बरं वाटलं आणि त्याच्या पाठोपाठ नेहमीचं ते दुसरंही वाटलं.

ते दुसरं सांगायला तीस वर्षं मागं जावं लागेल. मी तेव्हा बावीस वर्षांची होते. नोकरीची ऑर्डर येऊन आठ दिवस झाले होते आणि तिसगावची मंडळी मला बघायला आली. हेच अशोकराव. मुलगा शिकलेला, शांत, शेतीच करणार असं ठामपणे सांगणारा. मी आतल्या खोलीत वडिलांना म्हणाले, "दादा, मला नोकरी सोडायची नाही." दादांचा चेहरा पडला. "माणसं घाट ओलांडून दारात आलीत, आता बाहेर जाऊन काय सांगू?" अडचण दिसली की मला लगेच मार्ग सुचतो, हा माझा स्वभाव. मी म्हणाले, "शैला आहे ना."

शैला तेव्हा मोरीपाशी कपबशा विसळत होती. एकोणीस वर्षांची होती, कॉलेजचं दुसरं वर्ष चालू होतं. तिला कुणीही विचारलं नाही. अर्ध्या तासात ती माझीच निळी साडी नेसून बाहेर पाटावर बसली होती आणि संध्याकाळच्या आत सुपारी फुटली.

पुढं माझं लग्न नगरमध्येच झालं. नवरा भला, मुलगा शहाणा, घर दोन खोल्यांचं चार खोल्यांचं झालं. पण शैलाकडे गेले की मी तिचं घर तपासायची, भांडार तपासावं तसं. तिच्या टाचांच्या भेगा. लांबून आणलेलं पाणी. चुलीवर काळा झालेला कोपरा. तिची बोली हळूहळू बदलत गेली, 'आहे'चं 'हाय' झालं, तेही मी मनात टिपून ठेवलं. हा सगळा माल माझ्या नावानं निघाला होता आणि सही करून उतरवून घेतला होता तिनं. ती सुखी होती की नाही हे मी तीस वर्षांत एकदाही विचारलं नाही. उत्तराला मी घाबरत होते.

दुपारी दोनला कूलरमध्ये पाणी भरायचं, दार लोटायचं आणि सिनेमा लावायचा, हे शैलाच्या मुलीनं, केतकीनं ठरवलं. ती पुण्याला कॉम्प्युटर शिकत होती, परीक्षा संपवून आईसाठी घरी आली होती. तिच्या लॅपटॉपमध्ये एकाच जातीचे सिनेमे भरलेले. हे जग आहे तसंच शेजारी दुसरं जग, त्याच्या शेजारी तिसरं, आणि माणूस एकातून दुसऱ्यात जातो. सगळे हिंदीत डब केलेले. लॅपटॉपची वायर टीव्हीला जोडायची, शैला खाटेवर, केतकी तिच्या पायाशी आणि मी खाली लसूण सोलत. मला असल्या सिनेमांची आवड नव्हती. वेळ जायला लसूण बरा, म्हणून बसायची.

एका सिनेमात एक गृहस्थ घराचा जिना चढतो, रोज बारा पायऱ्या असतात, एक दिवस तेरा लागतात. वर तेच घर, तीच बायको, पण भिंतीवर एका लहान मुलाचा फोटो. या घरात त्यांना मूल आहे. तो तिथंच राहायचं ठरवतो. केतकी डोळे पुसत होती. शैला उठून बसली.

"अगं, पण हा हितं राह्यला, तर हितला जो हाय तो कुठं गेला?"

"तो याच्या घरी जातो मम्मी. अदलाबदल."

"म्हंजे त्या बिचाऱ्याचं पोरगं गेलं की! ह्याला न्हाई लाज?"

सिनेमा काढणाऱ्यांनी याचा विचार केला असेल असं वाटत नाही. शैला मात्र प्रत्येक सिनेमात तेच बघायची. दुसऱ्या जगात निघालेल्या बाईनं गॅस बंद केला का, जनावराला वैरण टाकली का, तिची वाट बघणारं मागं कोण राहिलं. केतकी वैतागून मला समजावू लागली, "मावशी, बघ, माणूस कोणताही निर्णय घेतो ना, तिथं जगाला फांदी फुटते. एका फांदीवर तू हो म्हणालीस, दुसरीवर नाही म्हणालीस. दोन्ही वाढत राहतात."

मी लसणाची पाकळी हातात धरून तशीच बसले. शैलानं विचारलं, "आन छाटणी कोण करतं?"

"छाटणी नसतेच मम्मी. सगळ्या फांद्या राहतात."

"मग फळ कधी धरायचं?" शैला म्हणाली आणि कूस बदलून झोपली.

मी झोपले नाही. त्या दिवसापासून मी ते सिनेमे लसूण बाजूला ठेवून बघायला लागले. मला दुसरी फांदी बघायची होती. आणि ती काही पडद्यावर नव्हती. ती माझ्यासमोर खाटेवर घोरत होती. लोकांना दुसरं जग शोधायला यंत्रं लागतात, मला एसटीचं तिकीट पुरत होतं. न घेतलेल्या आयुष्याच्या स्वयंपाकघरात मी रोज पोळ्या लाटत होते.

ताणाचे साधारण वीस दिवस झाले असतील, तेव्हा शेवगावकडचे अशोकरावांचे मामा वारले. अशोकराव चार दिवसांसाठी निघाले. मी वही घेऊन दारात उभी राहिले. "कामं सांगा." त्यांनी चपला घालता घालता सांगितलं, गायीची वैरण, टाकी, चाऱ्याच्या घासाला एक दिवसाआड पाणी.

"आणि बाग?"

"बागेचं काय न्हाई."

मी लिहिलं, 'बाग – काही नाही'.

दुसऱ्या दिवशी सकाळी घासाला पाणी सोडायला गेले तेव्हा मी ती बाग पहिल्यांदा जवळून पाहिली. पाचशे झाडं. पानं पिवळी, कडेनं करपलेली. एका फांदीला हात लावला तर ओंजळभर पानं हातात आली. जमिनीला भेगा होत्या. मला वाटलं, बायको आजारी, माणसाचं लक्ष उडालं, बाग डोळ्यांदेखत वाळून चालली आणि हा माणूस 'काय न्हाई' म्हणतो. ठिबकच्या व्हॉल्व्हवर रंगानं आकडे घातलेले होते. आकडे घातलेल्या वस्तूंची मला भीती वाटत नाही. मी व्हॉल्व्ह फिरवला. तीन तास पाणी सोडलं, दुसऱ्या दिवशी पुन्हा तीन तास. झाडांच्या बुडाशी काळी ओली वर्तुळं उमटली, मातीचा वास सुटला. मी वहीत 'काही नाही' खोडून 'पाणी दिले' लिहिलं आणि पुढं बरोबरची खूण केली. शैलाला सांगितलं नाही. तिला कशाला काळजी, म्हटलं.

अशोकराव आले तेव्हा मीच त्यांना बागेत घेऊन गेले. फांद्यांवर बारीक तांबूस पालवी फुटली होती, कोवळी, चकचकीत. "बाग वाचली बघा," मी म्हणाले.

ते एका झाडापाशी उभे राहिले. एक फांदी खाली वाकवून बघितली. टोपी काढली, झटकली, परत घातली.

"पाणी कुनी सोडलं, आक्का?"

"मी. दोन दिवस. तीन-तीन तास."

"व्हय," ते म्हणाले, आणि गोठ्याकडे गेले.

केतकीनं मला ओट्यापाशी गाठलं. "मावशी," ती हळू आवाजात म्हणाली, "बाग ताणावर होती गं." मग ताण म्हणजे काय ते तिनं सांगितलं, मघाशी मी सांगितलं तेवढंच, पण मला ते नीट कळायला वेळ लागला. माझ्या पाण्यानं झाडं पानांवर आली होती. आता फुलं येणार नव्हती. बागेचा मृग बहार मी दोन सकाळींत, खुणा करून, घालवला होता.

दुपारी अशोकराव जेवायला बसले. मी वाढताना आमटी ताटाबाहेर सांडली. ते म्हणाले, "आक्का, आमटी ताटात घाला, ताटाबाहेर नको." मग भाकरीचा तुकडा मोडत, "मृग गेला तर हस्त धरू. झाडं कुठं पळून चालली हायेत?" त्यांना किती लागलं होतं ते मला त्यांच्या उरलेल्या भाकरीवरून कळलं. पण ते पुन्हा त्याबद्दल बोलले नाहीत, आणि त्यांचं ते न बोलणं मला सोसेना.

दोन वाजता केतकीनं नवा सिनेमा लावला. एका शास्त्रज्ञ बाईच्या प्रयोगशाळेत काचेची भिंत असते, भिंतीपलीकडे तीच प्रयोगशाळा आणि तीच बाई, फक्त टेबलावरची फुलं वेगळी. दोघी काचेला हात लावून एकमेकींकडे बघतात. मी म्हणाले, "केतकी, बंद कर जरा." तिनं चित्र थांबवलं. काचेवर दोन हात तसेच राहिले.

"शैला, बागेला पाणी मी सोडलं."

"म्हाईत हाय मला. शेजारच्या मळ्यातल्या गड्यानं खिडकीतून सांगितलं परवाच."

"मग बोलली का नाहीस?"

"सुटलेलं पानी आत ओढून घेता येतंय व्हय?"

मी म्हणाले, "तुला विचारायला हवं होतं. दहा पावलांवर तू होतीस. मी विचारलंच नाही." एवढं म्हटलं आणि मला पुढचं थांबवता येईना. "त्या दिवशीही विचारलं नाही. दादांना मीच म्हणाले होते, शैला आहे ना. तू दहाच पावलांवर होतीस."

केतकी उठू लागली. शैलानं तिचा हात धरून खाली बसवलं.

"मोरी दारालाच लागून हुती आक्का. ऐकलं मी तवाच."

कूलर घरघरत होता.

"राग हुता," शैला म्हणाली. "खोटं कशाला बोलू. लई राग हुता. तुझी नोकरी, तुझी पर्स, तू दिवाळीला आलीस की वाटायचं, हिच्या जागी मी असते. तुझी ती निळी साडी मी कधी नेसलेच न्हाई परत. लुगड्यांच्या खाली हाय अजून."

"मग?"

"मग ही झाली." तिनं केतकीकडे हनुवटी केली. "राग धरायला हात मोकळे ऱ्हायले न्हाईत."

केतकी रडवेली होऊन म्हणाली, "म्हणजे मम्मी, झाडासारखंच. ताण बसला म्हणून..."

"गप गं!" शैला एकदम कडाडली. "झाडाचं झाडापाशी. मानसाला तहानलेलं ठिवल्यावर फुलं येत न्हाईत, चिडचिड येती. मला हे घर गोड झालं ते तुझ्या बापामुळं. पहिल्या वर्षी मी रडायची तर हा मानूस रोज शाळेतल्या बाईंकडून पुस्तक आणून उशाला ठिवायचा, बोलायचा काय न्हाई. तान बिन काय न्हाई त्यात."

मग ती माझ्याकडे वळली. "आक्का, तुझं चुकलंच. विचारायचं ऱ्हायलं न्हवं? मग आता विचार."

"आता?"

"आताच. तवा विचारायला पायजे हुतं तसं."

मी बावन्न वर्षांची, ती एकोणपन्नास, टाके घातलेली. मी खाली सतरंजीवर बसलेली. मी पदर सारखा केला आणि विचारलं, "शैला, तिसगावचं स्थळ आलंय. मुलगा शेती करतो. करशील का?"

"विचार करून सांगते," ती म्हणाली. "लाव गं केतके, फुडं काय हुतंय त्या बाईचं."

तिनं खरंच उत्तर दिलं नाही. रजा संपली, मी नगरला परत आले, डब्यांवरच्या चिठ्ठ्या तिनं काढल्याचं केतकीनं कळवलं. मी माझ्या कामाला लागले. पण सवय लागली ती लागलीच, अजूनही रविवारी दुपारी मी एकटी ते सिनेमे लावते. नवरा चहाचा कप घेऊन विचारतो, "आज कोणत्या जगात मुक्काम?"

त्या सिनेमांतली माणसं नेहमी आपण कोण झालो असतो ते शोधत असतात. मीही तीस वर्षं तेच करत होते आणि मला वाटायचं की मला सापडलंय, तिसगावला, भेगा पडलेल्या टाचांचं. त्या ओल्या वर्तुळांनी माझा तो समज मोडला. तिथं राहिलेल्या बाईला पिवळं पान बघून कळलं असतं की बाग मरत नाही, वाट बघते आहे. शैला माझं आयुष्य जगत नव्हती, ती तिचं जगत होती. माझ्या होकाराच्या फांदीवर अशोकराव असते, कदाचित बागही असती. पण केतकी नसती. उशाशी ठेवलेली पुस्तकं नसती, कारण मी रडले नसते, मी यादी केली असती. माझा मुलगाही नसता. कुणाला पुसायचं आणि कुणाला ठेवायचं, हे ठरवायला मी कोण? माझ्या रजिस्टरात 'नाही'ला रकाना आहे. 'असती तर'ला नाही, आणि ते ठीकच आहे.

तरीही 'विचार करून सांगते' माझ्या डायरीत पानापानावर पुढं सरकत राहिलं. न झालेलं काम मी दुसऱ्या दिवशीच्या यादीत उतरवते, ही माझी पद्धत. गणपती गेले, दसरा झाला. दसऱ्याला केतकीनं फोटो पाठवला. हस्त बहार फुटला होता, पाचशे झाडं लालभडक. खाली शैलाचा एक शब्द नाही. मी ते काम पुढच्या पानावर उतरवलं. दिवाळी, संक्रांत. पुढं सरकवत राहिले.

मार्चमध्ये तिसगावच्या एसटीनं एक खोकं आलं. पहिल्या तोड्याची डाळिंबं, प्रत्येक फळ वर्तमानपत्रात गुंडाळलेलं. सगळी काढून झाल्यावर तळाशी एक घडी केलेलं कापड लागलं. माझी निळी साडी. घड्यांवर विरलेली, नवी होती तेवढीच निळी. पदराच्या टोकाला टाचणीनं वहीचा कागद लावलेला, शैलाच्या अक्षरात, कॉलेजात होती तेव्हासारख्याच.

'आक्का, विचार केला. मुलगा पसंत आहे. दादांना कळवणे.'

दादा जाऊन बारा वर्षं झाली होती. मी भिंतीवरच्या त्यांच्या फोटोपाशी गेले, चष्मा लावला आणि त्यांना ती चिठ्ठी मोठ्यानं वाचून दाखवली. मग डायरी उघडली आणि दहा महिने पुढं सरकत आलेल्या त्या एका ओळीपुढं खूण केली.